चिकटणं वेगळं, बसणं वेगळं : कर्क्युमिन आणि अल्ब्युमिनचं बाइंडिंग दाखवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे : "मी सांगलीत एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आपल्या हळदीतलं कर्क्युमिन सीरम अल्ब्युमिनला बांधलं जातं, हे प्रोजेक्टमध्ये दाखवायचंय. कॉलेजात यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, फ्लुओरोमीटर शेजारच्या विभागात मागितला तर मिळतो. डॉकिंग केलंय, स्कोर उणे ८ आला. एसपीआर किंवा आयटीसी केल्याशिवाय कुणी विश्वास ठेवत नाही असं सगळे म्हणतात. मॅडम, कुठली टेक्निक वापरू? माझ्या मैत्रिणीला दोन प्रोटीन एकमेकांशी जोडली जातात का ते बघायचंय, तिनं काय करावं?"

उत्तर आधी देते, कारणं मग. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं मुख्य वाहक प्रोटीन, आणि बाइंडिंग म्हणजे एका रेणूनं दुसऱ्यावरच्या ठरलेल्या जागी बसणं. तुमच्याकडे असलेल्या दोन यंत्रांवर हे काम चांगलं होतं. एसपीआर (चिपवर बसणाऱ्या रेणूंचं वजन टिपणारं यंत्र) आणि आयटीसी (बाइंडिंगची उष्णता मोजणारं यंत्र) यांसाठी अडून बसू नका. या जोडीसाठी ती दोन्ही यंत्रं सोय कमी आणि त्रास जास्त देतात, तो कसा ते पुढे सांगते. डॉकिंगचा, म्हणजे रेणू प्रोटीनमध्ये कसा बसेल याच्या संगणकी अंदाजाचा, स्कोर मात्र पुरावा म्हणून मांडू नका. डॉकिंगला कुठलाही रेणू द्या, तो कुठंतरी बसवून दाखवतोच. "हा बसत नाही" असं तो म्हणत नाही. उणे ८ किलोकॅलरी म्हणजे हिशोबानं केडी १.४ मायक्रोमोलरच्या आसपास (केडी म्हणजे ज्या प्रमाणाला निम्म्या जागा भरतात ते प्रमाण; ती जितकी कमी, तितकी पकड घट्ट). पण स्कोरमध्ये २ किलोकॅलरीची चूक धरली, तर हीच केडी जवळजवळ ३० पट इकडे किंवा तिकडे सरकते. तो एक अंदाज आहे. प्रयोग कुठून सुरू करायचा ते ठरवायला त्याचा उपयोग करा.

आता मुख्य मुद्दा. मी बायोफिजिक्सच्या प्रयोगशाळांत २६ वर्षं काढली, त्यातली बरीचशी रेणूंच्या जोड्या तपासण्यात गेली. विद्यार्थी विचारतात, "कुठली टेक्निक?" मी उलट विचारते, "तुमचा रेणू एकटा असताना काय करतो ते बघितलंत का?" कारण प्रत्येक टेक्निक शेवटी एक सिग्नल मोजते : उजेड, उष्णता, वजन, वेग. सिग्नल बदलला म्हणजे बाइंडिंग झालं, असं होत नाही. आणि कर्क्युमिन हा सिग्नल बदलण्यात फार पटाईत रेणू आहे.

हे सांगायला मला पेपर उघडावा लागत नाही, स्वयंपाकघर पुरतं. हळदीचा प्लॅस्टिकचा डबा कितीही घासा, पिवळाच राहतो : कर्क्युमिन पृष्ठभागाला चिकटतं. साडीवर वरणाचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं तेही याच गुणानं : अल्कलीत कर्क्युमिनचा रंग बदलतो. तोच डाग उन्हात वाळवला की उडून जातो : उजेडात ते मोडतं. आणि हळद नुसत्या पाण्यात विरघळत नाही, तिला फोडणीचं तेल किंवा दूध लागतं. चिकटणं, पीएचनं रंग बदलणं, उजेडात मोडणं, पाण्यात न विरघळणं. कर्क्युमिनच्या बाइंडिंगचे जे प्रयोग फसलेले मी पाहिले, ते बहुतेक या चारांपैकी एका कारणानं फसले होते. २०१७ साली 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त कर्क्युमिनवर एक मोठा आढावा आला, त्यात हेच सविस्तर मांडलंय : हा रेणू अनेक चाचण्यांमध्ये खोटा होकार देतो. हळदीबद्दल आपल्याला माया आहे, सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन आहे, म्हणूनच आपल्याकडून होणारं काम जास्त काटेकोर असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता फ्लुओरोमीटरकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रयोग तिथं आहे.

अल्ब्युमिनमधलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल २८० किंवा २९५ नॅनोमीटरचा उजेड घेतं आणि ३४० च्या आसपास परत सोडतं. गाईच्या अल्ब्युमिनमध्ये, म्हणजे बीएसएमध्ये, अशी २ ट्रिप्टोफॅन आहेत. माणसाच्या अल्ब्युमिनमध्ये एकच, २१४ क्रमांकावर, आणि ते वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारं औषध जिथं बसतं त्या खोबणीला लागून. कर्क्युमिन जवळ येऊन बसलं की हा उजेड मंदावतो. त्याला क्वेंचिंग म्हणतात. कर्क्युमिन थोडं थोडं वाढवत जायचं, उजेड किती कमी होतो ते लिहायचं, स्टर्न-व्होल्मरची रेघ, म्हणजे मूळ उजेड भागिले उरलेला उजेड विरुद्ध कर्क्युमिनचं प्रमाण, काढायची. शेकडो पेपर इथंच संपतात.

अडचण अशी आहे की कर्क्युमिनला स्वतःला रंग आहे. त्याचं मुख्य शोषण ४२५ नॅनोमीटरला असलं तरी २८० आणि ३४० लाही ते थोडा उजेड खातं. म्हणजे दिव्याचा उजेड ट्रिप्टोफॅनपर्यंत पोचायच्या आधीच थोडा गिळला जातो, आणि ट्रिप्टोफॅननं सोडलेला उजेड बाहेर पडताना पुन्हा थोडा. याला इनर फिल्टर इफेक्ट म्हणतात. किती मोठा असतो तो? समजा क्युव्हेटमध्ये, म्हणजे द्रावण ठेवायच्या चौकोनी नळीत, कर्क्युमिनचं शोषण २८० ला ०.२ आणि ३४० ला ०.१ आहे. दोन्हींची बेरीज ०.३, तिचं अर्ध ०.१५, आणि १० चा ०.१५ वा घात १.४१. म्हणजे खरा उजेड दिसणाऱ्या उजेडाच्या १.४१ पट होता. बाइंडिंग शून्य असतानाही तुमचं रीडिंग २९ टक्क्यांनी घसरलेलं दिसेल! आणि वाईट गोष्ट ही की ही खोटी घसरणही कर्क्युमिनच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे रेघ बऱ्यापैकी सरळ येते. त्या रेघेवरून क्वेंचिंगचा वेग काढला तर तो रेणू एकमेकांवर आपटण्याच्या कमाल वेगाच्या हजारपट येतो, आणि मग लिहिलं जातं, "म्हणून हे स्टॅटिक क्वेंचिंग आहे, म्हणून बाइंडिंग आहे." (स्टॅटिक म्हणजे येता-जाता आपटून नव्हे, तर रेणू आधीच जोडून बसल्यामुळे झालेलं.) वेग अशक्य आला, एवढ्यावरून बाइंडिंग सिद्ध होत नाही. फिल्टर इफेक्टही तोच अशक्य आकडा देतो.

हे मी इतक्या तळमळीनं सांगतेय, कारण माझे ७ महिने यात गेले. नोकरीच्या सुरुवातीला एका वनस्पतिज पिवळ्या रंगावर काम करत होते. सुंदर सरळ रेघ, तीन तापमानांना तीन रेघा, त्यावरून एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपी, म्हणजे बाइंडिंगची उष्णता आणि अव्यवस्थेतला बदल, हेही काढलेलं. एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं एवढंच सांगितलं की प्रोटीनच्या जागी नुसतं ट्रिप्टोफॅन घे आणि तेच कर. घेतलं. तीच रेघ आली. सुट्या ट्रिप्टोफॅनला कसलीही खोबण नसते, बसायला जागाच नाही. तरी तीच घसरण. सात महिन्यांची वही त्या एका दुपारी संपली. त्या दिवसापासून हा कंट्रोल, म्हणजे बाइंडिंग होणार नाही अशी तुलनेची चाचणी, मी पहिल्याच दिवशी घेते, आणि तुम्हीही घ्या. मायक्रोमोलर पातळीला रेणू नुसते येता-जाता आपटून ट्रिप्टोफॅन मंदावू शकत नाही, हिशोब केला तर परिणाम एका टक्क्याच्याही फार खाली येतो. त्यामुळे सुट्या ट्रिप्टोफॅनचं रीडिंग पडलं तर पहिला संशय फिल्टर इफेक्टवरच घ्यायचा.

मग करायचं कसं? प्रत्येक क्युव्हेटचं शोषण दोन्ही तरंगलांबींना मोजा आणि वरचा हिशोब लावून रीडिंग दुरुस्त करा. पण दोन शोषणांची बेरीज ०.१ च्या वर गेली की दुरुस्तीवरचा माझा विश्वास कमी होतो. तेव्हा प्रमाणच कमी ठेवा किंवा कमी लांबीची क्युव्हेट वापरा. बीएसए १ किंवा २ मायक्रोमोलर पुरे. प्रोटीनचं प्रमाण केडीपेक्षा फार जास्त ठेवलंत तर एका प्रोटीनला किती रेणू लागले एवढंच कळतं, पकड किती घट्ट ते कळत नाही. कर्क्युमिन केडीच्या दहाव्या भागापासून दहापटीपर्यंत न्यायला हवं : केडीइतकं असताना निम्म्या जागा भरतात, दहापट असताना ९१ टक्के. आणि ज्या द्रावणातून कर्क्युमिन घालताय, त्यातही तेवढंच बीएसए असू द्या, म्हणजे घालता घालता प्रोटीन पातळ होत नाही. डीएमएसओ, म्हणजे कर्क्युमिन ज्यात आधी विरघळवतात ते द्रावक, सगळ्या क्युव्हेटमध्ये सारखंच, १ टक्क्याच्या आत. बीएसए घेताना फॅटी ॲसिड काढलेलं घ्या. साध्या बीएसएच्या खोबणींत आधीच थोडीफार फॅटी ॲसिडं बसलेली असतात.

याहून चांगला प्रयोग उलट बाजूनं आहे, आणि तो मला जास्त आवडतो. ट्रिप्टोफॅनकडे बघूच नका, कर्क्युमिनकडे बघा. पाण्यात कर्क्युमिन फार मंद चमकतं. अल्ब्युमिनच्या तेलकट खोबणीत शिरलं की त्याची चमक कित्येक पट वाढते आणि उत्सर्जन ५५० च्या बाजूकडून ५०० च्या दिशेला सरकतं. कर्क्युमिन १ मायक्रोमोलर एवढंच ठेवा, ४२० ला उजेड द्या, आणि अल्ब्युमिन वाढवत न्या. सिग्नल शून्याजवळून वर चढतो आणि एका पातळीला थांबतो. थांबणं महत्त्वाचं. जागा भरल्या की सिग्नल थांबलाच पाहिजे. थांबत नसेल तर रेणू बसत नाहीये, नुसता चिकटत चाललाय. कंट्रोल म्हणून अल्ब्युमिनच्या जागी तेवढंच लायसोझाइम हे वेगळं प्रोटीन घ्या.

मग दोन परीक्षा घ्या. पहिली : ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट ०.०१ टक्का घालून पुन्हा करा. काही रेणू पाण्यात आपापले गोळे करतात आणि त्या गोळ्यांना प्रोटीन चिकटतं. शोइकेट या संशोधकाच्या गटानं २००२ मध्ये हे स्पष्ट दाखवलं. डिटर्जंटनं गोळे फुटतात, आणि खोटा परिणाम गायब होतो. पण इथं सावध राहा, डिटर्जंटच्या थेंबातही कर्क्युमिन चमकतं आणि अल्ब्युमिनही थोडं डिटर्जंट धरतं, म्हणून प्रोटीनशिवायचा ब्लँक, म्हणजे तुलनेचं कोरं रीडिंग, हवाच. दुसरी परीक्षा : वॉरफॅरिन घालून कर्क्युमिन हटतं का बघा, मग आयबुप्रोफेन घालून. ही दोन औषधं अल्ब्युमिनच्या दोन वेगळ्या खोबणीत बसतात, सडलो यांनी १९७५-७६ मध्ये त्या दाखवल्या. कुणामुळे कर्क्युमिन हटतंय, त्यावरून जागेचा अंदाज येतो. वॉरफॅरिन स्वतः चमकतं, त्याचाही ब्लँक घ्या.

"अशा रंग बदलण्यावर कोण विश्वास ठेवणार?" असं वाटत असेल तर मिरजेत कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाऊन अल्ब्युमिनची तपासणी बघा. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन नावाचा रंग आम्लधर्मी बफरमध्ये पिवळा असतो, अल्ब्युमिनला बसला की हिरवा-निळा होतो, आणि ६३० नॅनोमीटरच्या आसपास वाचतात. रेणू-रेणूंच्या बाइंडिंगचा हा प्रयोग आपल्या भागात रोज होतो आणि त्यावर डॉक्टर निर्णय घेतात. त्यातही एक धडा आहे : हाच रंग ग्लोब्युलिनलाही बसतो, पण सावकाश. म्हणून रीडिंग लवकर घ्यायचं असतं. उशीर केला तर अल्ब्युमिन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं.

इक्विलिब्रियम डायलिसिस ही जुनी, स्वस्त आणि प्रामाणिक पद्धत. पडद्याच्या एका बाजूला प्रोटीन, दुसऱ्या बाजूला छोटा रेणू, दिवसभर ठेवायचं आणि दोन्हीकडचं प्रमाण मोजायचं. यात सिग्नलचा अर्थ लावावा लागत नाही, थेट मोजणी असते. कर्क्युमिनला मात्र ती चालत नाही, ते पडद्याला चिकटतं आणि दिवसभर टिकतही नाही. वॉरफॅरिनवर जरूर करून बघा, हात बसतो.

आता मोठी यंत्रं. आयटीसी म्हणजे एका रेणूत दुसरा थेंबाथेंबानं सोडून निघणारी उष्णता मोजणं. एकाच प्रयोगात केडी, किती रेणू बसतात ते, आणि एन्थाल्पी मिळते. कसलाही टॅग, म्हणजे रेणूला जोडायची खूण, लागत नाही. मला विचाराल तर बाइंडिंगच्या मोजमापात हिच्याइतकी सरळ टेक्निक नाही. पण केडी १ मायक्रोमोलर असेल तर सेलमध्ये किमान १०-२० मायक्रोमोलर लागतं आणि सिरिंजमध्ये त्याच्या दहापट. एवढं कर्क्युमिन पाण्यात विरघळणार कुठून? अल्ब्युमिन सिरिंजमध्ये आणि कर्क्युमिन सेलमध्ये असं उलटं करून थोडी सोय होते, पण मग दोन्हीकडचं डीएमएसओ काटेकोर सारखं लागतं. त्यात थोडा फरक पडला तरी डीएमएसओ मिसळण्याची उष्णता बाइंडिंगच्या उष्णतेला गिळून टाकते.

एसपीआरमध्ये सोन्याच्या पातळ थरावर प्रोटीन बांधतात आणि वरून दुसरा रेणू वाहवतात. ही पद्धत १९९० पासून विकत मिळणाऱ्या यंत्रांवर होते. तिची खरी ताकद वेग सांगण्यात आहे : रेणू किती लवकर बसतो आणि किती वेळ बसून राहतो. दोन औषधांची केडी सारखी असून एक क्षणात सुटतं आणि दुसरं तासभर धरून राहतं, हा फरक क्वेंचिंगनं कधीच कळत नाही. पण सिग्नल वजनावर असतो. चिपवर १०,००० युनिट (यंत्राच्या सिग्नलचं माप) अल्ब्युमिन बसवलं, तर ३६८ वजनाचं कर्क्युमिन प्रत्येक रेणूमागे एक बसलं तरी जास्तीत जास्त ५५ युनिट देईल. आणि चिपला ते डब्यासारखं चिकटलं तर त्याहून जास्त. वॉरफॅरिनसाठी एसपीआर छान, कर्क्युमिनसाठी हात राखून.

एक यंत्र मात्र जवळच सापडेल. कोविडनंतर जिल्ह्याच्या गावांतही रिअल-टाइम पीसीआर मशीन पोचली. त्याच मशीनवर सायप्रो ऑरेंज रंग घालून प्रोटीन तापवत नेलं, तर ते कुठल्या तापमानाला उलगडतं ते दिसतं. रेणू नीट बसला असेल तर उलगडण्याचं तापमान वर सरकतं. एन्झाइमवर काम करणाऱ्यांना मी हे आवर्जून सुचवते. तुमच्या कामाला ते नको : सायप्रो ऑरेंज न उलगडलेल्या अल्ब्युमिनलाही धरतं, आणि कर्क्युमिनची चमक त्याच पट्ट्यात येते.

मैत्रिणीचं काम वेगळं आहे. दोन प्रोटीनसाठी आधी पुल-डाउन करावं : एक प्रोटीन मण्यांवर बांधायचं, दुसरं वरून सोडायचं, धुवायचं, आणि जेलवर कोण उरलंय ते बघायचं. नुसत्या मण्यांचा कंट्रोल त्याच जेलवर हवा, वेगळ्या दिवशीच्या जेलवर नको. पेशीच्या आतली जोडी हवी असेल तर को-इम्युनोप्रेसिपिटेशन, म्हणजे अँटिबॉडीनं एक प्रोटीन पकडून सोबत कोण आलं ते बघणं; पण चांगली अँटिबॉडी नसेल तर त्यात पडू नये. यीस्ट टू-हायब्रिड, फील्ड्स आणि साँग यांची १९८९ ची पद्धत (दोन प्रोटीन जुळली तर यीस्टमधलं एक जीन चालू होतं), नवे जोडीदार शोधायला उत्तम आहे. पण त्यातला होकार दुसऱ्या पद्धतीनं तपासल्याशिवाय लिहू नये. धुण्यात सुटणाऱ्या कमकुवत जोड्या पुल-डाउनमध्ये हरवतात, हेही तिला सांगा.

हळदीबद्दल एक गोष्ट राहिली. "आपल्या हळदीतलं कर्क्युमिन" म्हणून मार्केट यार्डातून हळकुंडं आणून अर्क काढायचा विचार असेल, तर तो अर्क थेट बाइंडिंगला वापरू नका. त्यात कर्क्युमिनचे दोन भाऊबंदही असतात. विकतचं साधं कर्क्युमिनसुद्धा साधारण ७७ टक्के कर्क्युमिन, १७ टक्के डिमेथॉक्सी आणि ३ टक्के बिस-डिमेथॉक्सी असतं. तिघांची पकड वेगवेगळी असेल तर एकच केडी काढण्याला अर्थ राहत नाही. अर्क काढा, एचपीएलसीनं, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रानं, वेगळा करा, आणि मग शुद्ध भाग घ्या. कोल्हापूरला विद्यापीठात ती सोय मिळेल. वेगळा केलेला भाग फॉइल गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा. हरिपूरच्या पेवांत हळद जमिनीखाली अंधारात टिकायची, तुमच्या बाटलीलाही तेवढा अंधार द्या.

आणि सुरुवात कुठून करायची, तर पहिल्या दिवशी प्रोटीन काढूच नका. पीएच ७.२ चा फॉस्फेट बफर, वॉटरबाथ ३७ अंशाला, त्यात ५ मायक्रोमोलर कर्क्युमिन, काचेच्या क्युव्हेटमध्ये. ४२५ ला शोषण साधारण ०.२५ ते ०.३ यायला हवं. दर २ मिनिटांनी अर्धा तास वाचा, मधल्या वेळात क्युव्हेट झाकून. रीडिंग तुमच्या डोळ्यांदेखत कोसळेल. १९९७ मध्ये अशाच बफरमध्ये अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन मोडल्याचं छापून आलंय. आपला रेणू किती वेळ जगतो ते एकदा बघितलं की पुढचे सगळे प्रयोग किती वेळात उरकायचे ते ठरतं, आणि फ्लुओरोमीटरवरचं काम पीएच ६.५ ते ७ आणि २५ अंशाला का करायचं तेही कळतं.

दुसऱ्या दिवशी तेच करा, पण क्युव्हेटमध्ये २० मायक्रोमोलर बीएसए घालून. आता रेघ कोसळणार नाही, जवळजवळ आडवी राहील. खोबणीत बसलेलं कर्क्युमिन पाण्यापासून वाचतं, म्हणून मोडत नाही. मग बीएसए १, २, ५, १० असं बदलत न्या, लायसोझाइमचा कंट्रोल शेजारी ठेवा, आणि मोडण्याचा वेग बीएसएच्या प्रमाणाप्रमाणे कमी होत जाऊन एका पातळीला थांबतो का ते आलेखावर काढा. त्यासाठी कुणाकडे यंत्र मागायला जावं लागणार नाही; तुमच्याच विभागातला स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. तो आलेख आणि कर्क्युमिनच्या चमकीचा आलेख, दोन्हींमधून केडी एकाच घरात आली, तर प्रबंधात "बाइंडिंग" हा शब्द लिहा.